तास नकोत, कामं मागा

वेगळं झालेल्या जोडप्याच्या मुलाचा प्रश्न मुंबईत बहुतेकदा एका ओळीत मिटवतात: पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी दुपारी दोन ते पाच, शिवाय अर्धी दिवाळी आणि अर्धी मे महिन्याची सुट्टी. मूल आईकडे राहणार असेल तर ही ओळ बापासाठी, बापाकडे राहणार असेल तर आईसाठी. ती ठरेपर्यंत दोन्हीकडचे वकील झुंजतात. दोनाचे तीन शनिवार करून घेतले की एक पक्ष जिंकल्यासारखा बाहेर पडतो. मग पुढची दहा-बारा वर्षं दोन शिकलीसवरलेली माणसं घड्याळ धरून बसतात. तो वीस मिनिटं उशिरा आला. तिने पाच वाजायच्या आतच न्यायला भाऊ पाठवला. गेल्या खेपेला पोराला ताप होता, ते तीन तास कधी भरून मिळणार?

माझं म्हणणं असं की भांडण चुकीच्या गोष्टीवर चाललंय. ज्याच्याकडे मुलाचा ताबा नाही त्याने तास मागण्यात शक्ती घालवू नये, कामं मागावीत. दाताला तार लावायची आहे, तर त्या डॉक्टरकडे दर महिन्याला मी नेईन. गणित माझ्याकडे. शाळेची फी मी परस्पर शाळेत भरीन. पोहण्याच्या वर्गाची ने-आण माझी. काम अंगावर असलं की त्याला लागणारा वेळ मिळवावा लागत नाही, तो द्यावाच लागतो. नुसते तास मिळाले तर मात्र त्या तासांत करायचं काय हेच बऱ्याच जणांना समजत नाही. मग आइस्क्रीम, मॉलमधलं गेम झोन, नवा मोबाइल कव्हर, आणि परतीच्या वाटेवर "आई काय म्हणते?"

दादरच्या बाजूला एका शाळेत मी बरीच वर्षं शिकवते. आईवडील वेगळे राहतात अशी मुलं पूर्वी वर्गात एखाद-दुसरी असायची आणि ती गोष्ट झाकलेली असायची. आता मुलंच सांगून टाकतात, "बाई, डायरीवर सही सोमवारी आणते, आज मी बाबांकडे जाणारे." पालकांचा मोकळेपणा मात्र तेवढा वाढलेला नाही. ओपन हाउसला एकच पालक येतो. दुसऱ्याला तारीख कळवलेली नसते, किंवा कळलेली असूनही तो येत नाही, कारण गाठ पडेल. एकदा एक वडील सगळे पालक निघून गेल्यावर आले. मुलीचे मार्क बघता येतील का, म्हणाले. मार्क बघितले. तिचं भूमितीचं बरं आहे, अपूर्णांकांची वजाबाकी मात्र अजिबात बसलेली नाही, छेद सारखे न करताच वजा करते, असं मी सांगायला लागले, तेव्हा त्यांनी फोन काढून ते टिपून घेतलं. मग जरा थांबून म्हणाले, "पण हे मी कुणाला सांगू? मी तिथे नसतोच ना."

हे गृहस्थ पेशाने इंजिनीअर. रोज रात्री मुलीशी फोनवर बोलायचे, म्हणजे "जेवलीस का, काय जेवलीस" इतकंच. त्याच फोनवर कागद समोर ठेवून पंधरा मिनिटांत अपूर्णांक शिकवता येतील हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपण आता फक्त भेटायचं, वाढवायचं काम तिकडचं, असं त्यांनी मनोमन मान्य करून टाकलं होतं. त्यांना तसं कोणी सांगितलं होतं? कोर्टाने नाही. बायकोने रागाच्या भरात म्हटलं असेलही. बाकी नातेवाईक, वकील, सोसायटीतली मंडळी सगळ्यांनी मिळून सांगितलं असणार.

कायदा या बाबतीत लोक समजतात तेवढा मागासलेला नाही. कायद्यात ताबा वेगळा आणि पालकत्व वेगळं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात बाप हा नैसर्गिक पालक आणि त्याच्यानंतर आई असा क्रम आहे, आणि पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहावं असंही त्याच कलमात म्हटलंय. 'नंतर' म्हणजे बापाच्या मृत्यूनंतरच असं नव्हे, तो हयात असून लक्ष देत नसेल तरी आई पालक ठरते, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात लावला. म्हणजे आई दुय्यम नाही, आणि मूल आईकडे गेलं म्हणून बापही खारीज होत नाही. मुलं ही आईबापांची मालमत्ताही नाहीत आणि खेळणीही नाहीत, हे याच न्यायालयाने १९७३ मध्ये सुनावलं होतं. २०२० च्या जानेवारीतल्या एका निकालात तर भेटीच्या हक्काच्या जोडीला संपर्काचा हक्क मानला गेला: ज्याच्याकडे मूल नाही त्याला ते फोनवर, शक्यतो व्हिडिओ कॉलवर नियमित भेटत राहिलं पाहिजे. आणि हा हक्क कोर्टाने आधी मुलाचा मानला, पालकाचा मागाहून. विधी आयोगाने मे २०१५ मध्ये दिलेल्या आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली होती. तिच्यावरून कायदा झालेला नाही.

तरीही आदेशात शेवटी तासच उतरतात, याला कारण आहे. तास मोजता येतात. मूल दोन वाजता आणलं की नाही हे न्यायाधीशाला विचारता येतं. बाप मुलावर लक्ष देतो की नाही हे कसं विचारणार? वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात मुलांना भेटण्यासाठी वेगळी जागा आहे, खेळणी आहेत, विवाह समुपदेशक आहेत. ज्यांची एकमेकांचं तोंड बघायचीही तयारी नसते त्यांच्यासाठी ती सोय फार मोलाची. पण तिथल्या भेटीचा हिशेब वेळेतच ठेवला जाणार.

कामं मोजता येत नाहीत, असं मात्र नाही. 'दर जूनमधली फी वडील शाळेच्या खात्यात परस्पर भरतील आणि पावती आईला पाठवतील' हे वाक्य 'दोन ते पाच' इतकंच तपासता येण्यासारखं आहे. परस्परसंमतीच्या घटस्फोटात तर कन्सेंट टर्म्स, म्हणजे समझोत्याच्या अटी, नवराबायकोच लिहून देतात. कोर्ट त्या पाहून रेकॉर्डवर घेतं. तिथे कोणाचा हात कोणी धरलेला नसतो. अशा कागदांत काय असतं हे कोणत्याही वकिलाला विचारा. दागिने कोणाकडे, फ्लॅटचे उरलेले हप्ते कोण भरणार, लॉकर, सोसायटीतलं पार्किंग, एकमेकांवरच्या केसेस कधी मागे घेणार, यांना प्रत्येकी एकेक परिच्छेद. मुलाला ती एक ओळ. सहा महिने थांबायचं बंधनही न्यायालय माफ करू शकतं असं २०१७ पासून ठरलंय, त्यामुळे सगळ्यांना घाई असते. मला ती घाई समजते. कोर्टाच्या पायऱ्या चढून दमलेल्या माणसाला आता एकदाचं सुटायचं असतं. पण पार्किंगवर जेवढा वेळ दिला तेवढा पोराच्या दातांवर द्यायला काय हरकत होती?

आता पैशाचं. खावटी, पोटगी, मेन्टेनन्स, काहीही म्हणा. भांडणाचा अर्धा जीव यात अडकलेला असतो. "पोराला भेटू देत नाही, मग मी का देऊ?" आणि "पैसे आले नाहीत, मग या शनिवारी कशी पाठवू?" ही दोन्ही वाक्यं मी ऐकली आहेत, आणि बोलणारी माणसं दुष्ट नव्हती. तरीही दोन्ही वाक्यं चूकच. मुलाच्या पोटाचा खर्च आणि मुलाची भेट या एकमेकींच्या मोबदल्यात द्यायच्या वस्तू नाहीत, कायद्यातही नाहीत. भेट अडवली तर त्यासाठी कोर्टात वेगळा अर्ज करायचा, पैसे थकवले तर वसुलीचा वेगळा. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ म्हणून आलंय. ते सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे, आणि थकवलेल्या दर महिन्यासाठी महिन्याभरापर्यंत तुरुंगात पाठवायची तरतूद त्यात आहे. 'रजनेश विरुद्ध नेहा' या नोव्हेंबर २०२० च्या निकालाने दोन्ही पक्षांना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायला सांगितली. हा खटला आपल्याच राज्यातला, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेला. तेव्हापासून पगार लपवणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. लपवणारे मात्र आहेतच, धंद्यात तोटा अचानक त्याच वर्षी कसा होतो कोण जाणे.

पण रक्कम किती यापेक्षा ती कशी येते याचा मुलावर जास्त परिणाम होतो, असं माझं मत आहे. पगाराच्या दुसऱ्या दिवशी बँकेतून आपोआप जाणारे पंधरा हजार मुलाला दिसतच नाहीत. चार वेळा फोन करून, एका नातेवाइकाला मध्ये घालून, महिन्याच्या वीस तारखेला मिळालेले पंचवीस हजार मात्र घरातल्या सगळ्यांना दिसतात. सहलीचे पैसे भरायची शेवटची तारीख आली की वर्गातली काही मुलं "मला नाही जायचं, मला उलट्या होतात" म्हणतात. सगळ्यांनाच उलट्या होत नसतात, हे कुठल्याही शिक्षिकेला ठाऊक असतं.

पैशाच्या पलीकडे काही गोष्टी अशा आहेत ज्या फक्त ताबा नसलेलाच पालक करू शकतो, आणि त्या पोटगीच्या कोणत्याही आदेशात बसत नाहीत. नोकरीतला ग्रुप मेडिक्लेम ही एक. घटस्फोटानंतर बायकोचं नाव त्यातून जातं, मुलांचं नाव सहसा राहू शकतं. पण वर्षाच्या नूतनीकरणाला ते पुन्हा भरावं लागतं, ई-कार्ड मुलाच्या आईला पाठवावं लागतं. रात्री दोन वाजता हॉस्पिटलच्या काउंटरवर तीच उभी असणार आहे, तो नाही. विम्याचा नॉमिनी ही दुसरी.

तिसरी गोष्ट महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना लागू आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही: जातीचा दाखला आणि जात पडताळणी. आरक्षणाच्या जागेवर इंजिनीअरिंगला किंवा मेडिकलला प्रवेश घ्यायचा तर पडताळणी समितीचं प्रमाणपत्र लागतं, आणि पुरावे मागितले जातात ते बापाच्या बाजूचे. बापाचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांचा दाखला, नसेल तर गावच्या तहसिलातून गाव नमुना १४ ची म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल, प्रतिज्ञापत्रावर वंशावळ, चुलत्याचं किंवा आत्याचं वैधता प्रमाणपत्र असेल तर तेही. इतर मागासवर्गीयांसाठी कागद १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा हवा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. आता सांगा, घाटकोपरला माहेरी राहणाऱ्या बाईने नवऱ्याच्या आजोबांची कोतवाल बुकातली नोंद काढायला साताऱ्याच्या कुठल्या तहसिलात कोणत्या नात्याने जायचं? मूल आईच्या समाजात वाढलं असेल तर तिच्या जातीचा विचार होऊ शकतो असे निकाल आहेत, पण ती वाट लांबची आणि पुन्हा पुराव्यांचीच. इकडे प्रवेशाच्या फेऱ्या कोणासाठी थांबत नाहीत. बापाने दोन दिवसांची रजा टाकून गावी जाऊन, काकाकडून ट्रंकेतले कागद मागून आणून ते लॅमिनेट न करता (हे लोक हमखास करतात आणि मग मुळावरचा शिक्का तपासायला घोळ होतो) मुलीच्या हाती दिले, तर दहा वर्षांच्या शनिवारांपेक्षा ते मोठं काम आहे. आणि ते तो अडवूनही ठेवू शकतो. अडवतातही. "आता गरज पडली का माझी?"

राज्य सरकारने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम सक्तीचा केला, ते चांगलंच झालं. पण कागदावर आईचं नाव आलं म्हणून पडताळणी समितीची फाइल आईच्या बाजूने उघडत नाही. ते काम अजून बापाचं आहे.

मुंबईत हे सगळं करायचं म्हणजे जागा आणि अंतर हे दोन राक्षस आधी भेटतात. लग्न मोडलं की घरातून बाहेर पडणारा माणूस क्वचितच स्वतःचं दुसरं घर करतो. भाडं आणि डिपॉझिट परवडत नाही. तो आईवडिलांकडे डोंबिवलीला जातो, नाहीतर अंधेरीला तिघांत एक खोली घेऊन पेइंग गेस्ट राहतो, जिथे मालकिणीच्या नियमात पाहुणे चालत नाहीत, लहान मूल तर नाहीच. कोर्टाने रात्रीचा मुक्काम दिला तरी तो मुलाला झोपवणार कुठे? मूल बोरिवलीला, बाप डोंबिवलीला, म्हणजे दादरला गाडी बदलून जायचं, परत आणायचं, संध्याकाळी सोडायचं आणि स्वतः परतायचं. त्यात भेट रविवारची असेल तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आणि पश्चिम रेल्वेचा जम्बोब्लॉक दोन्ही त्याच्याच नशिबी. चार तासांच्या भेटीतला निम्मा वेळ फलाटावर जातो. कोर्टाच्या आदेशात रेल्वेचं वेळापत्रक नसतं.

जागा नाही म्हणून मॉल. राणीच्या बागेत पेंग्विन किती वेळा बघणार? नेहरू विज्ञान केंद्र आहे, शिवाजी पार्कचा कट्टा आहे, गिरगाव चौपाटी आहे. जून ते सप्टेंबर मात्र पाऊस सगळ्यांना आत ढकलतो, आणि वातानुकूलित जागेत बसायचं म्हणजे काहीतरी विकत घ्यावं लागतं. हळूहळू मूल बापाकडे जाणं आणि खरेदी यांची सांगड घालतं. त्यात मुलाचा लोभ नाही. भेटीची जागाच दुकानाची आहे.

इथे शहराने काही करावं अशी माझी मागणी आहे. महापालिकेच्या शाळांच्या मोठमोठ्या इमारती रविवारी कुलूप लावून उभ्या असतात. प्रत्येक वॉर्डात अशा एका शाळेतले दोन-तीन वर्ग शनिवार-रविवार अशा भेटींसाठी उघडे ठेवले, एक समुपदेशक आणि एक शिपाई दिला, टेबल-खुर्ची, कॅरम, गृहपाठ करायला जागा, स्वच्छ मुतारी एवढं दिलं, तरी वांद्र्याच्या कोर्टावरचा भार हलका होईल आणि मुलुंडच्या मुलाला तीन तासांसाठी वांद्र्यापर्यंत यावं लागणार नाही. मूल तिथे बापाशेजारी बसून अभ्यास करील, बाप पुस्तकाला कव्हर घालील, दोघं कंटाळतील. कंटाळा यायलाच हवा. जे आईबाप मुलांबरोबर राहतात ते दिवसातला बराच वेळ मुलांबरोबर कंटाळलेलेच असतात, आणि त्या कंटाळ्यातच मूल मधूनच काहीतरी सांगून जातं, जे आइस्क्रीम पार्लरमध्ये कधी सांगणार नाही.

आतापर्यंत मी सारखी बाप-बाप म्हणते आहे, कारण बहुसंख्य घरांत चित्र तसं आहे. पण ताबा नसलेल्या आयाही आहेत, आणि त्यांची अवस्था मला जास्त अवघड वाटते. मूल बापाकडे आहे म्हटल्याबरोबर ऐकणारा पुढचा प्रश्न मनातल्या मनात विचारतो: हिने असं काय केलं असेल? बापाबद्दल तो प्रश्न कोणी विचारत नाही. वस्तुस्थिती अशी की कधी तिच्याकडे नोकरी नसते, कधी आजारपण असतं, कधी मोठ्या मुलानेच शाळा आणि मित्र सोडायला नकार दिलेला असतो, कधी सासरच्या मोठ्या घरात आजी-आजोबा असतात आणि माहेरी भावाच्या वन बीएचकेमध्ये तिलाच कोपरा मिळालेला असतो. पोटगीची जबाबदारी फक्त बापाची हाही एक गैरसमज. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याचं कलम २० अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांना पोसायची जबाबदारी पुरुष आणि स्त्री दोघांवर टाकतं. कमावती आई मूल बापाकडे असताना खर्चाचा वाटा देते तेव्हा ती उपकार करत नाही आणि तिची नामुष्कीही होत नाही. अशा आयांना शाळेत येताना इतकं चोरट्यासारखं वाटतं की त्या फोनवर "मी अमुकची आई" म्हणतानाही आवाज खाली आणतात. शाळांनी दोन्ही पालकांचे नंबर घ्यावेत, दोघांना सूचना पाठवाव्यात, कोर्टाचा मनाई आदेश दाखवला तरच एकाला वगळावं. एवढं आम्ही शिक्षक करू शकतो. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप आहे आणि तो मला मनापासून पटतो. एका पालकांच्या सभेत मी असंच काहीसं बोलले होते, तेव्हा मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "बाई, लग्नात असताना ज्याने एक दिवस डबा भरला नाही, पोराच्या डॉक्टरचं नाव ज्याला माहीत नाही, त्याला आता कामं द्यायची? तो ती करणार नाही आणि वर मीच त्याला आठवण करत बसायचं." खरं आहे. घटस्फोट होण्याआधीची कामाची वाटणीच जिथे नव्हती तिथे नंतर ती आभाळातून पडत नाही. आणि याहून गंभीर म्हणजे मारहाण करणारा, दारू पिऊन येणारा, पाळत ठेवणारा नवरा 'मुलाचं काम' या नावाखाली पुन्हा घराच्या दारात उभा राहू शकतो. दर निर्णयात माझी संमती हवी, शाळा बदलायची तर मला विचारा, पासपोर्टवर सही हवी तर आधी हे कबूल करा. अशा ठिकाणी माझी सूचना लागू नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या कायद्यात कलम २१ आहे: भेट मुलाच्या हिताला बाधक ठरेल असं मॅजिस्ट्रेटला वाटलं तर त्याने ती नाकारली पाहिजे. तिथे तेच वापरावं, कुणी 'शेवटी बाप आहे' म्हणून गळ घातली तरी.

पण जिथे हिंसा नव्हती, फक्त संसार जमला नाही, तिथे मला वाटतं कामंच माणूस ओळखायला मदत करतात. ज्याला बायकोवर अजून सत्ता गाजवायची असते तो निर्णयात वाटा मागतो. इंजेक्शनची तारीख, बुटांचा नंबर, भराभर वाढणारं गृहपाठाचं रेकॉर्ड बुक यांत त्याला रस नसतो. छोटं, कंटाळवाणं, दर आठवड्याचं एक काम देऊन तीन महिने बघावं. करतो? मग दुसरं द्यावं. नाही करत? मग निदान पुढच्या तारखेला कोर्टात सांगायला ठोस काहीतरी असतं, "तो बेजबाबदार आहे" या मोघम वाक्याच्या जागी. डबा न भरलेल्या कितीतरी पुरुषांना वेगळं झाल्यावर पहिल्यांदा पोराची वेणी घालावी लागली आणि ती त्यांनी घातली, वाकडी का होईना. ती वाकडी वेणी शाळेत आली की ताबा असलेल्या आईने दारातच सोडून पुन्हा घालू नये एवढंच. काम दिलं की ते दुसऱ्याच्या पद्धतीने होणार हे सोसावं लागतं. मुलाच्या मनात दुसऱ्या पालकाविषयी विष कालवण्याबद्दल, म्हणजे 'पॅरेंटल एलिअनेशन'बद्दल, सर्वोच्च न्यायालयाचं २०१७ मध्ये बोलून झालंय. तो शब्दप्रयोग हल्ली वकील जरा जास्तच सढळ हाताने वापरतात, मूल आपल्या स्वाभाविक रागापोटी त्या पालकाशी बोलत नसलं तरी. पण वाकडी वेणी सोडण्यात त्याची सुरुवात असते हे नाकारता येत नाही.

दुसऱ्या लग्नाबद्दल फार बोलायची गरज नाही. नवी बायको, नवं बाळ आलं की पहिल्या मुलाची रक्कम कमी करून घ्यायला लोक कोर्टात जातात. खर्च वाढला हे खरंही असेल. पहिल्या मुलाची भूक मात्र त्यामुळे कमी झालेली नसते.

शेवटी अठरा वर्षांचा प्रश्न, जो मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. कलम १४४ खालची मुलांची पोटगी साधारणपणे सज्ञान होईपर्यंतच. हिंदू विवाह कायद्याचं कलम २६, जिथे ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांचे आदेश होतात, तेही अज्ञान मुलांविषयीच बोलतं. अविवाहित मुलीला पोटगी कायद्याचा पुढेही आधार आहे. मुलाला? बारावीचा निकाल लागतो तेव्हा तो सतरा-अठराचा असतो. म्हणजे खरा मोठा खर्च ज्या महिन्यात सुरू होतो, कॉलेजची फी, होस्टेल, लॅपटॉप, नेमक्या त्याच सुमारास बापाची कायदेशीर जबाबदारी संपते. कायदा करणाऱ्यांनी अठरा हा आकडा सज्ञान होण्याच्या, करार करण्याच्या वयावरून घेतला. कुठल्याही मध्यमवर्गीय मराठी घरात अठराव्या वाढदिवसाला पोराचा खर्च बंद झालेला मी पाहिला नाही. एकत्र राहणाऱ्या आईबापांच्या घरात तो प्रश्न मनातही येत नाही. वेगळ्या झालेल्यांच्या घरात तो कॅलेंडरवर खूण करून ठेवलेला असतो, कधी बापाने, कधी धास्तीने आईने.

म्हणून कन्सेंट टर्म्समध्ये पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा खर्च, दोघांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात, स्पष्ट लिहून घ्यावा, आणि त्याच परिच्छेदात प्रवेशाची कामंही वाटून घ्यावीत: फॉर्म कोण भरणार, कागदपत्र पडताळणीला कोण जाणार, दुसऱ्या शहरात होस्टेल बघायला कोण जाणार. सही करताना मूल सहा वर्षांचं असतं आणि हे सगळं हास्यास्पद लांबचं वाटतं. वकील म्हणतील, एवढं तपशिलात कोणी लिहीत नाही. पार्किंगचं लिहिलं आहे ना, त्याच्या खाली लिहा म्हणावं.